व्हर्जिलकडची वीस काडतुसं

मार्ला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पहाटे पाचपासून ती उभीच होती. बूट काढावेत आणि कुठेतरी टेकावं, एवढंच डोक्यात होतं. पण तळघराच्या जिन्यातून गरम हवा वर येत होती. ते तळघर ऑक्टोबरात कधीच गरम नसायचं.

खाली तिचे वडील, आर्लो, वापरलेली काडतुसं पुन्हा भरायच्या टेबलापाशी बसले होते. पायाशी विजेचा हीटर लालभडक झालेला, आणि त्याच्यापासून हातभरावर बंदुकीच्या पावडरीचे दोन डबे, दोन्ही उघडे.

मार्लाने आधी हीटरचा प्लग ओढला. मग डब्यांना झाकणं लावली. मग बोलली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"पाय गारठले होते."

"मग मोजे घाला."

"दोन जोड घातलेत."

ओरडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं. आणि हे नियम तिला शिकवले होते ते याच माणसाने. पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवायची, दोन जाती मिसळल्या तर बंदूक फुटू शकते. टेबलावर एका वेळी एकच डबा. ठिणगी पाडणारे ते चिमुकले प्रायमर त्यांच्याच खोक्यात, वेगळ्या कपाटात. पावडरीचं कपाट त्यांनी मुद्दाम पातळ लाकडाचं केलं होतं. जाड लोखंडी पेटीत बंद केलीस तर आग लागल्यावर तिचा बॉम्ब होईल, म्हणायचे. नऊ वर्षांची असताना मार्लाने नीटनेटकं दिसावं म्हणून शंभर प्रायमर जॅमच्या बरणीत ओतले होते, तेव्हा आर्लो दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आता टेबलाच्या कोपऱ्यात एक कॉफीचा डबा होता. तिने झाकण उघडलं. आत करडे दाणे, अर्ध्यापर्यंत.

"ही कुठली पावडर?"

आर्लोंनी चिमूट तळहातावर घेतली, बोटाने पसरली. काही लांब दाणे होते, काही गोल. ते बराच वेळ बघत राहिले.

"दोन जातींच्या आहेत वाटतं यात," ते म्हणाले.

"कुणी ओतली?"

"इथे दुसरं कोण येतं?"

मार्लाने त्यांची वही उघडली. काय भरलं, किती भरलं, सगळं त्यात असायचं. शेवटची नोंद ऑगस्टमधली होती.

"यातली कुणाला भरून दिलीत?"

"व्हर्जिलला. वीस. मंगळवारी. बहुतेक यातलीच."

दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडत होता. आर्लोंचा जुना शिकारी मित्र व्हर्जिल फोन उचलेना. मार्लाने पुन्हा बूट चढवले.

"तू एकटीच जा," आर्लो म्हणाले. "सांग, बाप म्हातारा झाला."

"मी का सांगू? काडतुसं तुम्ही दिलीत. चला, कोट घाला."

बारा मैलांचा खडीचा रस्ता. व्हर्जिलच्या कुंपणाशी वळताना गोठ्यामागून बार ऐकू आला. गाडी पुरती थांबायच्या आत आर्लोंनी दार उघडलं.

व्हर्जिल गवताच्या गठ्ठ्यापाशी उभा होता आणि हातोडीच्या दांड्याने रायफलचा बोल्ट, काडतूस आत-बाहेर करायचा तो दांडा, ठोकत होता.

"अरे आर्लो! यंदा काय गाढवाचं खाणं भरलंस का यात? पहिल्याच बाराला खांद्याला असली लाथ मारली! आणि आता बोल्ट उघडत नाही."

"ठोकू नको. खाली ठेव. दुसरी घालू नको."

"चाळीस वर्षं तुझीच वापरतोय, मला काही भीती नाही."

"मला आहे," आर्लो म्हणाले. "त्यात काय घातलंय ते मला आठवत नाही."

व्हर्जिलने मार्लाकडे पाहिलं. ती गाडीला टेकून उभी होती.

"मलाही बायकोचा वाढदिवस आठवत नाही, आर्लो."

"हसण्यावारी नेऊ नको. डोळा गेला असता तुझा."

व्हर्जिलने गाल चोळला, मग रायफल गठ्ठ्यावर आडवी ठेवली. खोकं आणून दिलं तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. "आणि उद्या सकाळी मी काय करू? हरणांना दगड मारू?"

"माझी रायफल ने. काडतुसं दुकानातली घे." दुकानातली म्हणताना आर्लो जमिनीकडे बघत होते. "ही बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय हातात धरू नको."

त्यांनी खोक्यातली काडतुसं मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली.

घरी येऊन मार्लाने गावच्या अग्निशमन पथकाच्या प्रमुखाला फोन लावला. तो म्हणाला, चुलीत टाकू नका, संडासात ओतू नका, घराबाहेर कोरड्या जागी वेगळं ठेवा, मी उद्या येऊन नेतो. मार्लाने कॉफीचा डबा आणि खोकं अंगणातल्या छपरीत नेलं. आर्लो चिकटपट्टी आणि पेन घेऊन मागोमाग आले. अक्षरं वाकडी येत होती, पण पेन त्यांनी तिच्याकडे दिलं नाही. 'काय आहे माहीत नाही. वापरू नये.' खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"बाकीचे डबेही उद्या नेऊ दे त्याला," ते म्हणाले. "प्रायमरसुद्धा."

"सगळं?"

"मग काय, रोज बारा मैल जायचं?"

तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. बहुधा थकव्यानेच. तिने सूपचा डबा गरम केला. दोघांनी तो ओट्यापाशी उभ्यानेच पावाबरोबर संपवला.

"उद्या पाळी आहे?" आर्लोंनी विचारलं.

"पाचला."

"भांडी राहू दे. मी घासतो."

ती खोलीत गेली आणि कपडे न बदलताच आडवी झाली. स्वयंपाकघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. दोन वाट्यांना एवढं पाणी लागतं का, की बाबा नळ बंद करायचं विसरले, असं तिच्या मनात आलं, पण उठून बघायला ती गेली नाही.