बायांची रांग

मला गर्दीचं भ्या वाटतं म्हनलं की आमच्या घरातली पोरं हसत्यात. म्हनत्यात, तू उसाच्या फडात कोयत्यानं साप मारायचीस, आन् मानसांना भितीस व्हय? भिते. सापाला डोळे असत्यात, त्यो बघून तरी चावतो. हसा तुमी खुशाल, मी काय जत्रंला येत न्हाई.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. आमची टोळी राहात्याकडं ऊस तोडायला गेल्ती. पाचटाच्या कोप्या, बारकी खोपटं, टाकून शेताच्या कडंला पडलो हुतो. मी, चांगीचा बाप, सहा वर्सांची चांगी आन् कडेवर गोरक्ष, नऊ महिन्यांचा. संगं माझी जाऊ मालनबाई हुती. त्या दिवशी कारखान्यात काय मोडलं कोन जाणे, पन तोड बंद झाली. रोज मर-मर मरनारी मानसं, एक दिवस हात रिकामे झाल्यावर काय करनार? तीन कोसांवर देवीची जत्रा भरली हुती. टोळीच्या चार गाड्या जुपल्या.

चांगीनं आठ दिवस माझं डोकं खाल्लं हुतं. तिला कुनीतरी सांगितलं हुतं की जत्रंत आभाळाएवढा पाळना आलाय, इंजनावर फिरतो, वरनं कारखान्याची चिमनी दिसती. पाळन्यात बसायचं, बास. दुसरं न्हाई, तिसरं न्हाई. मी म्हनले, बसवीन बाई, पन आता गप पड.

बसवीन म्हनले खरी, पन जायचं मनात न्हवतं. त्याला कारन हुतं. मागल्या साली आमच्या टोळीतल्या एकीची पोर बाजारात हरवली. आईच्या हातातनं हात सुटला, बास, तेवढंच. दोन दिवस शोधलं, मग मुकादम म्हनला गाड्या निघाल्या पायजेत. ती बाई गाडीत बसून मागं बघत गेली ते आपल्या गावापत्तोर मागंच बघत गेली. पोर काय सापडली न्हाई. तवापास्नं बाजार म्हनलं की माझा हात आपसूक चांगीच्या मनगटावर जायचा. ती वरडायची, आई, दुखतंय. दुखू दे म्हनायचे.

जत्रंत शिरलो तशी मी चांगीचं मनगट पकडलं. एवढी मानसं मी जल्मात बघितली न्हवती. धूळ अशी की म्होरच्याची टोपी दिसंना. पाळन्यापाशी बांबू बांधून दोन रांगा केल्या हुत्या, एक गड्यांची, एक बायांची. एक फेरी गड्यांची सोडायचे, एक बायांची. गड्यांची रांग बरी हुती. बायांची रांग म्हंजे काय सांगू, लेकरं, गाठोडी, म्हाताऱ्या, सगळं एकात एक. बांबूच्या मधी दोघी मावतील एवढी जागा, आन् तिथं चौघी-चौघी.

मालनबाई म्हनली, "रंगूबाई, बारकं दे माझ्याकडं. मी गाडीपाशी थांबते. तू पोरीला घिऊन जा."

आता द्यावं का न्हाई? शहान्या बाईनं दिलं असतं. पन सकाळीच आमचं दोघींचं सरपनावरनं वाजलं हुतं, आन् मी तोंडाची फटकळ. म्हनले, "ऱ्हाऊ दे. माझं मला झेपतं." ती बिचारी गाडीकडं वळली.

मग गोरक्ष कडेवर, एक हात त्याच्याखाली. चांगीला एका हातानं धरायचं, आन् त्यो हात घामानं निसटतोय. मी माघारी गाडीपाशी गेले. तिथं कासरा पडला हुता, घोडेगावच्या बाजारातनं खोंड आनलं तवाचा. एका टोकाला फास करून ठिवलेला, खोंडाच्या शिंगात टाकायला. मी त्यो फास चांगीच्या डोक्यावरनं खाली काढला आन् कमरंवर बसवला. दुसरं टोक माझ्या मनगटाला तीन येढे देऊन गाठ मारली. फडावर आमी बायका लेकरं बांधूनच ठिवतो, झाडाला न्हाईतर गाडीच्या चाकाला, म्हंजे कोयत्याखाली येत न्हाईत. त्यात काय नवं न्हवतं. उलट मला वाटलं, रंगे, लई डोकं चालवलंस. आता कशी हरवती बघू.

चांगीचा बाप गड्यांच्या रांगंकडं जाता जाता हसला. म्हनला, "खोंड केलंस व्हय पोरीचं?"

"हरवन्यापरीस बरं," मी म्हनले.

रांगंत उभ्या राहिलो. तासभर झाला असंल, चार पावलं सरकलो. मागनं बाया लोटायच्या, म्होरच्या शिव्या द्यायच्या. मी म्होरच्या बाईच्या पाठीला नाक लावून उभी. चांगी माझ्या मांडीला चिकटलेली, मान वर करून पाळन्याकडं बघतीय. दर फेरीला विचारायची, आता आपन? मी म्हनायचे, आता आपन. गोरक्ष रडून रडून लालबुंद झाला हुता. मला मधीच वाटलं, जावं माघारी. पन माघारी जायला वाट कुठं हुती? मागं नुसती तोंडंच तोंडं. तिथंच मला पयल्यांदा खरं भ्या वाटलं.

आन् तेवढ्यात इंजन बंद पडलं.

पाळना मधीच थांबला. वरच्या पेटीतल्या बाया किंचाळायला लागल्या. एवढंच झालं हुतं. पाळनेवाला इंजनाला हँडल मारत हुता, मी डोळ्यांनी बघितलं. पन मागं कुनीतरी वरडलं, "मोडला! पाळना मोडला!" झालं. ज्यांच्या लेकी-सुना वर हुत्या त्या म्होरं घुसल्या. ज्यांना पळायचं हुतं त्या मागं फिरल्या. बांबू कडाकडा मोडले. माझे पाय जमिनीवरनं उचलले गेले, खरं सांगते, मी चालत न्हवते, मला नेत हुते. छातीत दम शिरंना. गोरक्षाला मी डोक्यावर धरला.

चांगी मांडीपासनं सुटली. मी खाली बघितलं तर तिथं दुसऱ्याच बाईचं लुगडं.

पन कासरा हुता. मनगटाला वढ बसली आन् माझ्या जिवात जीव आला. हाय, पोर हाय, दोरीच्या टोकाला हाय. मी वढलं. तिकडनं वढ आली. मी परत वढलं. "चांगे!" म्हनून वरडले. आमच्या दोघींच्या मधी पंधरा-वीस मानसं असतील, त्यांच्या पायांत, कमरंत त्यो कासरा अडकलेला. कुठनं तरी तिचा आवाज आला, "आई, आवळतंय गं!"

ती शेवटची हाक. त्याच्या म्होरं आवाज न्हाई.

मी आजून जोरात वढनार, तवर माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगं बये, त्यो खोंडाचा फास हाय. खोंड जेवढं वढील तेवढा त्यो आवळत जातो, त्यासाठीच तसा केलेला. आन् मी इकडनं वढतीय. गर्दी तिकडनं वढतीय. मधी माझ्या लेकीची कंबर. कंबर तरी कशावरनं? कंबरंवरनं वर सरकला असंल, छातीवर, गळ्यावर... देवा!

हात ढिला सोडला तर फरक पडंना. गर्दीच मला एकीकडं नेत हुती आन् तिला एकीकडं. कासरा तानलेला, तारंवानी. आता दोनच गोष्टी हुत्या. धरून ठिवायचा, तर पोर फासात मरती. सोडून द्यायचा, तर पोर गर्दीत जाती, आन् मागल्या सालची ती बाई माझ्या डोळ्याम्होरं गाडीत बसून मागं बघतीय. मी देवीला म्हनले, माझा हात तोडून घे, पन असलं मला विचारू नको. देवी काय बोलती? मागनं लोटालोट चाललीच हुती.

मी दातानं गाठ धरली. एक हात गोरक्षाला, दुसरा बांधलेला, मग दुसरं काय करनार? गाठ वढीनं दगड झाल्ती. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. तोंडात रगत, काथ्या, धूळ. कुनाचं तरी कोपर माझ्या डोळ्यात बसलं. दात हिरडीतनं हलला, पन गाठ सुटली. एक येढा, दुसरा, तिसरा. शेवटचं टोक बोटांत हुतं. मी ते क्षणभर धरलं. तिकडनं एक बारीक वढ आली.

मी सोडलं.

कासरा पायांतनं सरसर निघून गेला.

किती येळानं गर्दी पांगली, मला उमज न्हाई. मी जिलब्यांच्या दुकानामागं मातीत बसलेली, गोरक्ष छातीशी, एक वहान गेलेली. चांगीचा बाप धावत आला. माझं मनगट बघितलं, रिकामं. म्हनला, "पोर?"

"सोडलं मी तिला," म्हनले.

"सोडलं? सोडलं म्हंजे?"

मी नुसती म्हनत राहिले, सोडलं, सोडलं. त्यानं माझा दंड धरून उठवलं. आमी फिरलो. मोडक्या बांबूत, चपलांच्या ढिगात, टांग्यांखाली. एका तंबूत चार मानसं निजवली हुती, तिथं गेलो. तोंडावरचं फडकं काढून बघायचं म्हनलं तर माझा हात पुढं जाईना, त्यानं काढलं. आमची न्हवती. मला आनंद झाला, आन् त्या आनंदाची मलाच लाज वाटली. दिवस कलला. दर बारक्या पोरीला मी पाठीमागनं चांगे म्हनून धरायचे, ती वळली की दुसरंच तोंड. मी मनात मोजायला लागले, किती दिवस शोधू देईल मुकादम? एक? दोन?

बांगड्यांच्या पालापाशी एक म्हातारी हाक मारत हुती, "कुनाची पोर हाय गं बायांनो, दोरी बांधलेली?"

मी पडले का धावले ते ठावं न्हाई. बनुबाई म्हनून कासारीन हुती ती. पालाच्या आत, पेट्यांच्या मधी चांगी बसली हुती. जिती. झंपर फाटलेलं, आन् काखंखालनं पार पाठीवर काळानिळा वळ. गळ्यापासनं चार बोटं खाली.

बनुबाई म्हनली, "माझ्या पालापाशी मानसं पडली एकावर एक. ही खाली. दोरी बघून मी हिला वढून आत घेतली. तोंड निळं पडलं हुतं गं. फासात बोटं घातली, तर दोरी ढिली हुती म्हनून शिरली तरी. तानलेली असती तर काय खरं न्हवतं. कुनी सोडली, त्यानं देवासारखं केलं बघ."

चांगीचा बाप माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतनं पानी आलं. माझ्या पाठीवर त्यानं हात ठिवला, चार मानसांत, जल्मात पयल्यांदा. मला वाटलं, सुटले. केलं ते बरूबर केलं. मी गोरक्षाला घिऊनच खाली बसले, चांगीला जवळ वढलं, तिचं तोंड पुसलं, मुके घेतले. ती लाकडावानी बसून हुती.

"चांगे, बोल की गं. लई दुखतंय का?"

तिनं मान हलवली. मग हळूच म्हनली, "मी वढत हुते. तू बी वढत हुतीस. मला ठावं हुतं तू हायस."

"व्हय गं माझे बाय."

"मग तू सोडलंस."

मी सांगायला गेले. फास कसा असतो, वढलं की कसा आवळतो, सोडला म्हनून तू वाचलीस. बनुबाईनं बी सांगितलं, बापानं बी सांगितलं. ती आयकत हुती. सगळं आयकून घेतलं, आन् माझ्या मांडीवर गोरक्ष निजला हुता त्याच्याकडं बोट केलं.

"त्याला न्हाई सोडलंस," ती म्हनली, आन् बापाचा हात धरून गाडीकडं चालायला लागली.