ताबा मंगळवारनंतर

फोटोत माणूस नको, हे शिरवले सरांनी फौजियाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाळत घातलेलं लुगडं नको, उंबऱ्याशी काढलेल्या चपला नकोत, खाटेवर बसलेला म्हातारा तर नकोच नको. "गिऱ्हाइकाला त्या घरात स्वतःला बघता आलं पाहिजे," ते म्हणायचे. "आधीच कुणी बसलेलं दिसलं की त्याचं मन मागं सरतं."

भोरच्या एसटी स्टँडमागे, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. 'डोंगरकूस होम्स' अशी हिरवी पाटी आणि चार माणसांची टीम. पुण्यातल्या लोकांना भोर-वेल्ह्याकडची घरं विकून द्यायचं काम. धनाजी मोटारसायकलवरून गावोगाव फिरून फोटो काढायचा, आणि फौजिया कॉम्प्युटरवर त्यातली माणसं पुसून खाली मजकूर लिहायची. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या फौजियाचा हात लिहिण्यात चांगला चालायचा. 'सिग्नलचा लाल दिवा विसरा, इथे फक्त मावळतीचा लाल रंग आहे,' असं तिनं एकदा लिहिलं होतं, तर त्या एका ओळीवर कोथरूडहून तीन गाड्या घर बघायला आल्या होत्या. तिचे अब्बा, लतीफ, गाद्या भरायचं दुकान चालवायचे. ती ओळ त्यांनी मोबाईलवर कितीतरी जणांना वाचून दाखवली होती.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी धनाजीनं पासलीच्या घराचे फोटो आणले. डोंगराच्या पायथ्याला कौलारू घर, पुढं भाताची खाचरं, आणि अंगणात हातात सूप घेऊन उभी असलेली एक म्हातारी. डोळे बारीक करून ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. हा कोण माणूस आपल्या घराकडे काय रोखून उभा आहे, ते तिला दिसत नसावं.

शिरवल्यांनी मुद्दे सांगितले तसे फौजियानं लिहून घेतले. "घर रिकामं. हवं तर पाडून जागा मोकळी करून मिळेल. मालकीण मुलाकडे पुण्याला स्थायिक. ताबा मंगळवारनंतर कधीही."

"सर, ह्यात तर आजी दिसतायत. परवाचाच फोटो आहे."

"म्हणून तर मंगळवारनंतर लिहायचं," शिरवले हसून म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले.

फौजिया धनाजीकडे वळली. तो ड्रोनची पाती पुसत होता. "ही आजी कुठं जाणार आहे, धनाजीदादा?"

"डोळ्याचं ऑपरेशन करायला पुण्याला नेणार हाये म्या तिला. चार दिवस ऱ्हायाची सोय, जेवण, सगळं फुकाट."

"आणि चार दिवसांनी?"

धनाजीनं पातं उजेडाला धरून बघितलं. "तू तुझं लिही की," एवढंच तो म्हणाला.

तिनं म्हातारीला पुसायला घेतलं. सूप गेलं, हात गेले, चेहरा राहिला, आणि तिथं तिचा हात थांबला. कामथडीच्या घराचेही असेच दोन फोटो, पुसण्याआधीचा आणि नंतरचा, तिला आठवले. हनुमंत नावाचा माणूस बैल बांधताना होता पहिल्यात. त्याला पुसून तिनं लिहिलं होतं, 'मालक मुलीकडे राहायला गेले आहेत.' तेव्हा तो तिथंच राहत होता. पंधरा दिवसांनी त्याच्या कडब्याची गंजी जळाल्याचं अब्बांच्या दुकानात कुणीतरी बोललं, आणि मग तो खरोखरच मुलीकडे गेला. तिनं बाकीच्या घरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ताडून बघितले. दुसऱ्या एका घराची वाट तारेचं कुंपण घातल्यानं बंद झाली होती, आणखी एकाची विहीर वापरायजोगी राहिली नव्हती. प्रत्येक वेळी मजकुराची तारीख आधीची होती. जे तिनं लिहिलं, ते मागाहून घडलं होतं.

तरी मजकूर तिनं लिहून दिला, आणि त्याची एक प्रत आपल्या मोबाईलवर ठेवली.

शनिवारी दाढ दुखते असं सांगून तिनं रजा घेतली. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरली, पुढं पासलीपर्यंत जीप. भाताची झोडणी चालू होती. जो तो आपल्या खळ्यावर. ऑफिसच्या कागदावरचं नाव घेऊन, चंद्राबाईचं घर कुठलं म्हणून विचारलं तर एक बाई म्हणाली, "ते व्हय, विकलेलं घर? त्या वरल्या अंगाला."

म्हातारी अंगणातच होती. फोटोत होती त्याहून लहानखुरी. फौजियानं नाव सांगितलं, भोरची म्हणून सांगितलं. ऑफिसचं नाव मात्र तिच्या तोंडून लगेच निघेना.

"बस पोरी. पानी देते. पर दमानं घे, आज पानी कमी हाये. झऱ्यावरनं आलेला पायप या पंधरवड्यात तीन येळा फुटला. पायप काय आपसूक फुटतो व्हय?"

"आजी, तुम्ही मंगळवारी पुण्याला चाललाय?"

"चालली की. तो धनाजी लई गुणाचा हाये बघ. माझ्या पुतण्यानं धाडलाय त्याला. डाव्या डोळ्यानं तर कायच दिसत न्हाई, उजव्यानं धुरकाट. तांदळातला खडा दातालाच कळतो आता." ती हसली. "नवरा गेल्यापासनं पुतण्यानं कदी इचारलं न्हवतं. आता कागूद घिऊन आला, सही कर म्हनला. घर दोघांच्या नावावर हाये ना. म्या न्हाई केली सही. तरी बी डोळ्याचं बघतोय, म्हंजी माया असंल."

फौजियानं ओढणीआड दडवलेला मोबाईल बाहेर काढला आणि आपणच लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. घर रिकामं आहे. हवं तर पाडून जागा मोकळी करून मिळेल. मालकीण मुलाकडे पुण्याला स्थायिक. ताबा मंगळवारनंतर.

चंद्राबाईनं पाण्याचा तांब्या हातातल्या हातात फिरवला. मग म्हणाली, "मला मूल न्हाई, पोरी."

"ठाऊक नव्हतं मला. मीच लिहिलंय हे."

"तू लिवलंस?"

"हो."

म्हातारी तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली, अगदी फोटोतल्यासारखी. शिव्या दिल्या असत्या तर फौजियाला बरं वाटलं असतं. पण चंद्राबाईनं विचारलं ते भलतंच. "म्हंजी म्या गेले की घर पाडत्याल. आन न्हाई गेले तर डोळा जातोय. मग म्या करायचं काय, ते सांग."

"मंगळवारी मी येईपर्यंत कुठं जाऊ नका," एवढं सांगून फौजिया उठली. परत येताना वेल्ह्याच्या अलीकडे जीप थांबली, तेव्हा समोरून येणारी धनाजीची मोटारसायकल तिला दिसली. त्यानं गाडी हळू केली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढं गेला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला शिरवले सर स्वतः अब्बांच्या दुकानात आले.

"लतीफचाचा, दोन गाद्या भरायच्यात. चांगला कापूस घाला," ते म्हणाले. चपला काढून आत बसले. दुकानामागेच घर होतं. शिरवल्यांनी छताकडे बघितलं, भिंतीवर हात फिरवला, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे मान वळवून अंदाज घेतला. "बांधकाम जुनं आहे, पण जागा मोक्याची आहे हां, चाचा."

"आमच्या वडलांची हाये," अब्बा म्हणाले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

"फौजिया, दाढ कशी आहे?"

"बरी आहे, सर."

"काळजी घे. हे बघ, सहज काढला." त्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला.

फौजियाच्याच घराचा फोटो होता. समोरच्या गच्चीवरून काढलेला, सकाळच्या उन्हातला. दार उघडं, पायरी मोकळी. रोज त्या वेळेला अम्मी पायरीवर डाळ निवडत बसलेली असते. फोटोत अम्मी नव्हती. फौजियानं नीट बघितलं. पायरीवर ताटाची गोल सावली तशीच राहिली होती. घाईनं पुसणाऱ्याकडून सावली राहतेच, हे तिला कामामुळं ठाऊक होतं.

"उद्या आराम कर. मंगळवारी ऑफिसला वेळेवर ये," शिरवले म्हणाले आणि गाद्यांचं माप सांगून गेले.

ते गेल्यावर फौजियानं आई-बापाला समोर बसवून सगळं सांगितलं. कामथडीचं, पासलीचं, आपल्या ओळींचं. अब्बांनी पिंजलेला कापूस मुठीत धरला होता, तो तसाच दाबत राहिले. अम्मी, साबिरा, रडेल असं तिला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हातारीच्या डोळ्याचं काय?"

"म्हणजे?"

"तिला डोळा पाहिजे आन घर बी पाहिजे. मग दोन्ही ठिकाणी मानसं लागतील. ह्यांनी टेम्पोत घालून तिला हितं भोरला आणायचं, दवाखाना काय पुण्यालाच असतो का? आन आपण दोघी तिच्या घरात बसायचं."

"आणि हितं कोण?" अब्बांनी विचारलं.

तिघंही दाराकडे बघत बसले.

सोमवारी अब्बांनी भोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन दुसऱ्या दिवशीचा नंबर लावला. मंगळवारी उजाडताच तिघं गाद्यांच्या टेम्पोतून पासलीला पोचले. दोन गाद्यांच्या मध्ये चंद्राबाईला बसवलं. "नवरीसारखी चालले बघ," ती म्हणाली. किल्ली तिनं फौजियाच्या हातात दिली, परत घेतली, पुन्हा दिली. अब्बांचा टेम्पो वळणाआड गेला, तेव्हा खालच्या अंगाची फुलाबाई खळ्यावरून वर आली. 'विकलेलं घर' म्हणून बोट दाखवणारी बाई तीच.

"तुमी घेनाऱ्या काय?" तिनं विचारलं.

फौजियानं तिलाही तो मजकूर वाचून दाखवला. मुलाकडे पुण्याला, हे शब्द ऐकताच फुलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "तिला कुठलं आलंय पोर? कुण्या मेल्यानं लिवलं हे?"

"मी," फौजिया म्हणाली. आता ते सांगायला तिला सोपं जात होतं.

साडेदहाला धनाजीची गाडी आली. पाठोपाठ, चढावर घरघरत, पिवळा जेसीबी. धनाजी अंगणाशी थांबला. दारात बसलेल्या अम्मीकडे आणि फौजियाकडे बघून त्याचं तोंड उतरलं.

"म्हातारी कुठंय?"

"डोळ्याला गेलीये. तुम्हीच म्हणाला होता ना, नेणार म्हणून."

"फौजिया, उठ तिथनं. मला तुझ्याशी वाकडं करायचं न्हाई. सर लई वाईट माणूस हाये, तुला म्हाईत न्हाई."

"मला माहीत आहे. मीच त्यांचं लिहिते."

त्यानं फोन लावून तिच्याकडे दिला. शिरवल्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "फौजिया, ऑफिसला आली नाहीस. चाचांचं दुकानही बंद दिसतंय. आज घरी कुणीच नाही वाटतं?"

फौजिया अर्धवट उठली. अम्मीला काय झालं ते न सांगताच कळलं. तिनं फोन लेकीच्या हातातून घेतला, बंद केला आणि धनाजीला परत दिला. "बस खाली," ती लेकीला म्हणाली. "आता उठलीस तर दोन्ही घरं जातील."

जेसीबीचं इंजिन चालूच होतं. त्याचा दात अंगणातल्या तुळशीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. फुलाबाईनं खळ्याकडे तोंड करून हाळी दिली. झोडणी टाकून एकेक बाई, गडी वर यायला लागले. त्यांच्या केसांत भाताचा कोंडा होता. कुणी घोषणा दिल्या नाहीत की कुणावर हात टाकला नाही. ते येऊन अंगणात, ओट्यावर, पायरीवर बसले. एकानं तंबाखू मळायला घेतली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

जेसीबीचा ड्रायव्हर परगावचा होता. त्यानं धनाजीला विचारलं, "तुम्ही तर रिकामं घर म्हणाला होता." थोड्या वेळानं इंजिन बंद झालं, आणि दुपार कलायच्या आत मशीन उताराला लागलं.

अब्बा रात्रभर दवाखान्यातच थांबले, घराकडे गेलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी लावलेल्या चंद्राबाईला घेऊन पासलीला परत आले. ग्रामपंचायतीत अर्ज गेला, वेल्ह्याला पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली गेली. खाली फौजियानं सही केली आणि त्या सगळ्या मजकुरांच्या प्रती जोडल्या. पुढं काही दिवसांत पासलीचं घर डोंगरकूसच्या वेबसाइटवरून उतरलं. पुतण्या पुन्हा फिरकला नाही.

तक्रार देऊन त्या बुधवारीच तिघं भोरला परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुकानाचं कुलूप जागेवर होतं, दार धड होतं, आतला पेलासुद्धा हलला नव्हता. अब्बांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग अम्मीनं बोट दाखवलं. घराच्या कोपऱ्याच्या दगडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाल ऑइलपेंटनं एक आकडा घातला होता. ७. त्याखाली छोटा बाण, गल्लीच्या टोकाकडे वळलेला.

फौजियानं बाणाच्या दिशेनं चालत जाऊन बघितलं. पुढच्या घरावर ८ होता, त्यापुढं ९. माणसं त्या आकड्यांपुढून जात-येत होती. बाराव्या घरातली सुलक्षणाताई दारात उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीस करत होती.

"ताई, हे कुणी लिहिलं?" फौजियानं विचारलं.

"म्हाईत न्हाई गं. नळाचं असंल, न्हाईतर गटाराचं. दोन मानसं आली हुती, लई गोड बोलत हुती. जागा मोक्याची हाये म्हनली."

फौजिया मागं आली. अब्बा रॉकेलचा बोळा घेऊन दगड घासत होते. रंग पसरत होता, जात नव्हता. अम्मीनं आतून खुर्ची आणून दारात टाकली आणि बसली. फौजियानं वही घेतली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक दार वाजवलं, आत कोण कोण राहतं त्या सगळ्यांची नावं विचारून लिहून घेतली, आणि त्यांना दारात उभं करून एकेक फोटो काढला.