शिवेवर न पुरलेली करणी

बाहत्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडच्या एका गावात खडी फोडायच्या कामावर दुपारची सुट्टी झाली की सारी गर्दी बाभळीखाली पुंजाराम भगताभोवती जमायची. टँकरपाशी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं इथं मात्र गुमान बसत.

सात वर्षांची रतन पोट धरून विव्हळत होती. पुंजारामाने तिच्या बेंबीला पितळी नळी लावली, गाल आत ओढून चोखलं आणि थू करून ओंजळीत केसांचं लालभडक गुंडाळं टाकलं.

"बगा! कुनीतरी खाऊ घातलेली करनी! न उघडता शिवेवर पुरा."

रतनचं विव्हळणं खरंच थांबलं. जयजयकार झाला. तिच्या आईने, चांगुणाबाईने, गुंडाळं पदराच्या गाठीत बांधलं आणि पुन्हा हातोडा उचलला. पुरायचं ती विसरूनच गेली. उपाशीपोटी उन्हात बसून तिला आताशा बरं-वाईट काही वाटतच नव्हतं.

चौथ्या दिवशी रतनचं पोट फुगून कडक झालं, अंगात ताप चढला.

"भगताकडं नेऊ," नवरा म्हणाला. "करनी काढली म्हनला, मंग पोट का फुगलं?" म्हणत चांगुणाबाईने पोरीला खांद्यावर टाकलं आणि नगरची एस. टी. धरली.

"अपेंडिक्स दिसतंय," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करून बाहेर आले ते घाम पुसत. "बाई, माझा अंदाज चुकला. अपेंडिक्स धडधाकट होतं. आतड्याच्या पडद्याला पाण्याने भरलेली पिशवी होती, नारळाएवढी. क्वचितच एखाद्या पोराला असते. पीळ पडला की दुखतं, सुटला की थांबतं. ती काढली. पोरगी वाचेल."

चांगुणाबाईला रडू येईना. तिने गाठ सोडली. "मंग हे कुठून आलं?"

डॉक्टरांनी चिमट्याने गुंडाळं उकललं. कुंकू, बकरीचे केस आणि त्यांत चिकटलेली तंबाखू. "रतन तंबाखू खाते का?"

"भगत खातो," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती रतनला घेऊन परतली, तेव्हा बाभळीखाली बनुबाईचं पोर उताणं निजलं होतं. पुंजाराम नळी लावायला वाकला.

"भगत, आधी त्वांड उघडा."

पुंजाराम नुसताच डोळे वटारू लागला. एरवी अखंड चालणारी जीभ आज हलेना. डावा गाल तेवढा फुगलेला. सगळ्यांनी पाहिला.

"नळी करंगळीएवढी, गुंडाळं लिंबाएवढं. आपन डोळ्यांनी बगत हुतो, तरी इचारलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "डाक्तर चुकला, पन त्यानं आत बगितलं अन् चुकलो म्हनला. ह्यो कदी चुकत न्हाई, कारन ह्यानं कदी बगितलंच न्हाई. पोट दुखलं तर बगनाऱ्याकडं न्या."

बोलता बोलता तिने रतनला जवळ ओढलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली. रतन गेली असती.

"बने, ऊठ," ती रडत म्हणाली. "एस. टी. यायची येळ झाली."