जावयाच्या हातचं पाणी

काचेच्या बारीक नळीतून बोलतेय मी, भाजीच्या केळ्याची साल. इथे हलायला जागा नाही. आवाज दबका वाटला तर समजून घ्या.

बाफुसामच्या बाजारात केळी तळणाऱ्या बाईच्या टोपलीतून मला प्रयोगशाळेतल्या मेन्येने उचललं. वाळवलं, दळलं, आम्लात भिजवलं. मग ग्राफाइटच्या भुकटीत तेल घालून मला त्यात मळलं आणि या नळीत ठासलं. आम्लाने माझा स्वभावच बदलला. पाण्यात शिसं असलं की ते मला येऊन चिकटतं. मग मेन्ये वीज सोडते, शिसं सुटू लागतं आणि पडद्यावरच्या रेषेत एक टोक उभं राहतं. तेवढंच मला बोलता येतं.

मेन्येची लेक केन्ने गावी आजीजवळ असते. तिचं पोट सारखं दुखायचं, खेळायचीही नाही. विहिरीशेजारी कुणीतरी शिशासाठी जुन्या बॅटऱ्या वितळवायचा. नात बरी होईपर्यंत आजीने शुक्रवारचा उपास धरला होता. मेन्येने नवऱ्याला विहिरीचं पाणी आणायला पाठवलं.

त्या पाण्यात मला बुडवलं. टोक उठलंच नाही. मेन्ये हसली आणि मी आतल्या आत घुसमटले. पाण्याला राखेचा वास होता, माझ्याच जातीच्या सालींच्या राखेचा. पण सांगू कशी?

मेन्येने आईला फोनवर सांगितलं, पाणी चांगलं आहे.

"असणारच," म्हातारी म्हणाली. "जावयाच्या हातात गढूळ पाणी देऊ होय गं? गावात तोंड दाखवायचंय मला. सालींची राख टाकली, निवळू दिलं, वरचं तेवढं भरलं."

राखेबरोबर शिसंही तळाशी बसलं असणार, हे मेन्येला कळलं. "आई, मग केन्ने कुठलं पिते?"

"घरच्यांना कसली आलीय राख? थेट विहिरीचं."

मेन्ये स्वतः गेली, पाणी शेंदून घेऊन आली. या वेळी शिसं माझ्यावर धावूनच आलं. टोक असं चढलं, की तिने डोळे मिटून घेतले. मग तिने गावी फोन लावला. विहीर झाकली गेली. केन्नेला आता चर्चच्या नळाचं पाणी आणि दवाखान्याचं औषध मिळतं. आजीचा उपास चालूच आहे.

माझ्यातलं शिसं मात्र सगळं निघालं नाही. उद्या मला नळीतून खरवडून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतील. साल दिसली की परसात खत म्हणून टाकायची, ही इथल्या बायकांची चांगली सवय. बरणीत साल आहे असं कळलं की एखादी काटकसरी बाई ती उघडायला येईल. तिला हात जोडून सांगा, हिला मातीत सोडू नका.

मला आत कोंडून राहू द्या. बाहेर लेकरं अनवाणी खेळतात.