कमलम्माचा वाटा

वीरभद्रप्पानं जाळ्यातला कटला दोन्ही हातांनी उचलून टोपलीत टाकला आणि मानेनंच लेकीला खूण केली, वाच म्हणून. दुधनीजवळच्या या शेततळ्यातला मासा त्यानं स्वतः कधी चाखला नव्हता. लिंगायताच्या घरात मासा शिजतोय कशाला! पण मासा पोसावा तर त्यानंच. तळ्याला पाणी देणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची शेड निघाली, तेव्हा गाव नुसतं कुजबुजत बसलं. यानं सरळ मासे तपासायला पाठवले.

दानेश्वरीनं मोबाइलवर आलेला अहवाल वाचला.

"अप्पा, मांसात शिसं मर्यादेच्या आत हाय. पण कल्ल्यांत आणि कलेजीत लई जास्त. विषच म्हणायचं."

"म्हंजे तुकडे चालतात?"

"चालतात. मुंडकी आणि आतडी तेवढी कुणाच्या पोटात जाता कामा नयेत."

त्याचा जीव भांड्यात पडला. सोलापूरच्या खानावळी साफ केलेले तुकडेच नेत होत्या.

"मग भ्यायचं काय? मुंडकी आपण कुटं विकतो?" त्यानं ऐटीत धोतराला हात पुसले.

काठावर जरा लांब कमलम्मा विळीवर मासे कापत होती. जाळं पडलं की कापायला तीच यायची.

"कमलम्मा, आजपासून मुंडकी, आतडी सगळी खड्ड्यात पुरायची. एकबी बाहेर ऱ्हाता कामा नये."

तिचा हात थांबला.

"माझं काय चुकलं का, मालक?"

"तुजं कशाला चुकंल?"

"मग आमचा वाटा का तोडता? तळं केल्यापासनं घरात त्याचंच कालवण हाय. कलेजी तर मी निराळी काढून ठेवते. लेक बाळंतपणाला आलीया, तिला लई आवडती."

कापलेली मुंडकी जातात कुठं, हे वीरभद्रप्पानं कधी विचारलंच नव्हतं. ज्याच्या ताटात मासा नाही, त्याच्या लेखी ती सगळी घाण. ती कोण खात असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बांधाशी खानावळीची गाडी येऊन थांबली.

"दानेश्वरी, ती गाडी रिकामीच परत पाठव, मासे मागनं बघू," तो म्हणाला. "आन् आपली काढ. कमलम्माच्या लेकीला सोलापूरला दवाखान्यात न्यायचंय."

"तिला कशाला?" कमलम्मा हसली. "झ्याक हाय की ती. कलेजी खाऊन कशी टवटवीत झालीया, बघा तरी येऊन."