पाचशे पंधरा न्यूटन

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीची मुलं खुर्च्यांवर, आईबाप भिंतीला टेकून, आणि उशिरा आलेले दारात टाचा उंचावून उभे. फळ्यावर एक गणित होतं. लिफ्ट वर निघाली आहे, तिचा वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंदाने वाढतो आहे, आत पन्नास किलोचा माणूस आहे; लिफ्टचा तळ त्याला किती न्यूटन बलाने वर ढकलतो? गुरुत्वत्वरण दहा धरा. प्रत्येकाने आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलं होतं. आणि व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले एक्सरे सर डोळे मिटून बसले होते. पूर्वी ते फिजिक्स शिकवायचे; आता बंद पाकिटातलं उत्तर मनातून वाचायचे, म्हणून एक्सरे.

"पाचशे..." सर कण्हल्यासारखे म्हणाले. "उजवीकडून पाचशे येतंय. जोरात येतंय. कोण आहे?"

उजवीकडे सात हात वर झाले. सभागृहभर 'अगं बाई' पसरलं.

"चारशे. मागून. मुलगी आहे... किंवा मुलगा."

मागे एक मुलगी आणि दोन मुलगे उठले. मुलगी तर रडायलाच लागली.

"बाळांनो, फिजिक्स अवघड नाही," सर म्हणाले. "तुमच्या मेंदूत गाठ आहे. चूक म्हणजे त्या गाठीची सावली. मला ती सावली दिसते." मग त्यांनी नादकाटा, म्हणजे प्रयोगशाळेतला तो दोन दातांचा पोलादी चिमटा, टेबलावर आपटला आणि गुणगुणता काटा रडणाऱ्या मुलीच्या कपाळाला टेकवला. "तीन बैठका. तोवर एकही गणित सोडवायचं नाही. सोडवलं की गाठ आवळते!"

तिसऱ्या रांगेत गणवेशकाकू मान डोलावत होत्या. शाळांचे गणवेश शिवतात म्हणून हे नाव. लेकीला इथे ओढत त्यांनीच आणलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लेक म्हणत होती, "आई, नको ना." काकू म्हणाल्या होत्या, "गप्प बस, तुला काय कळतंय विज्ञानातलं!"

लेक गेल्या वर्षी फिजिक्समध्ये नापास झाली होती. फेरपरीक्षा सोळा दिवसांवर होती. त्यातही नापास झाली की प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमातली तिची जागाही जाणार होती. आणि अशा ऐन वेळी काकूंनी पहिल्या बैठकीनंतर लेकीची गणितांची वही कापडाच्या कपाटात कुलूपबंद केली होती. गाठ आवळू नये म्हणून.

ही दुसरी बैठक. गाठ आईबापांकडून येते असा नवा शोध सरांना लागला होता, त्यामुळे आज पालकांनीही गणित सोडवायचं होतं. बाकीचे आईबाप घामाघूम झाले. काकूंना मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. नववीनंतर त्यांची शाळा सुटली, पण लेकीची पुस्तकं त्यांनी मशीनशेजारी उघडी ठेवून वाचून काढली होती. न्यूटनचे तिन्ही नियम त्यांना तोंडपाठ होते. कुठे कोणता लावायचा, एवढंच येत नव्हतं.

सर त्यांच्यासमोर येऊन थांबले. "ताई, लिफ्ट वर निघाली की तुम्हाला कसं वाटतं? हलकं की जड?"

"मी जिन्याने जाते," काकू म्हणाल्या. "काहीच वाटत नाही. गुडघे दुखतात."

सरांनी डोळे मिटले. "पाचशे!"

काकूंनी पाकीट फोडलं आणि चिठ्ठी बघून त्यांचा चेहरा पडला. "पाचशे पंधरा," त्या कशाबशा म्हणाल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर क्षणभर चाचपडले. मग म्हणाले, "शेजारच्यांचं कंपन मिसळलं. ताई, तुमची गाठ फार जुनी आहे. तुम्हाला पाच बैठका लागतील."

काकू अपराधी तोंडाने घरी निघाल्या. एवढा मोठा माणूस, आणि आपल्या डोक्यातल्या गोंधळाने त्याची साधना बिघडवली!

"आई, पंधरा कुठून आले?" रस्त्यात लेकीने विचारलं.

"कपड्यांचे."

"काय?"

"पन्नास किलोचा माणूस लिफ्टमध्ये उघडा थोडाच जाणार आहे? पँट, शर्ट, कोट, अस्तर... दीड किलो धरलं. हात राखून."

लेक रस्त्यातच मटकन खाली बसली. कित्येक महिन्यांनी ती पोट धरून हसत होती. काकूंना आधी राग आला, मग त्याही हसायला लागल्या. हसता हसता लेक एकदम थांबली.

"आई, पण त्यांनी मन वाचलं असतं तर त्यांना कोट दिसायला हवा होता ना?"

काकूंनी पिशवीतून चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

"पाचशे हे तुझं उत्तर नाहीच," लेक म्हणाली. "पाचशे हे सगळ्यांचं उत्तर आहे."

खरं सांगायचं तर तेही काकूंचंच होतं. वजन पाचशे, तर तळही पाचशेनेच ढकलणार, हा गोंधळ त्यांनीही इमानेइतबारे घातला होता. फक्त वर कोट चढवला होता.

घरी आल्याआल्या काकूंनी कपाट उघडून वही लेकीच्या हातात दिली. "गाठ आवळली तर?" लेकीने डोळे मिचकावून विचारलं. "माझ्याकडे कात्री आहे," काकू म्हणाल्या.

पुढचा आठवडाभर दुकानात जो विद्यार्थी मापाला आला, त्याला काकूंनी आधी लिफ्टचं गणित घातलं. पोरं वैतागली. "काकू, बाही लांब झालीय हो!" "आधी उत्तर, मग बाही." कापायच्या टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग होत गेले. पाचशेचा ढीग सगळ्यात उंच. ती मुलं म्हणत, लिफ्टमध्ये वेगळं काही वाटत नाही. चारशेवाली म्हणत, वर जाताना हलकं वाटतं. त्यांनी लिफ्टचं बल वजनातून वजा केलं होतं. शंभरवाली वजनच विसरली होती. सहाशेवाली मोजून चार. तीस जणांच्या डोक्यात सगळी मिळून चार उत्तरं!

तिसऱ्या बैठकीला फळ्यावर तेच गणित होतं, आणि नव्या मुलांच्या हातात बंद पाकिटं. काकू गळ्यात टेप तशीच घेऊन व्यासपीठावर चढल्या.

"सर, मीही जरा बघू का?" आणि परवानगीची वाट न बघता पहिल्या रांगेतल्या मुलाला त्यांनी विचारलं, "लिफ्टमध्ये कसं वाटतं रे?"

"हलकं."

"चारशे!"

मुलाने पाकीट फोडलं. चारशे. पुढची, पाचशे. तिच्या पुढचा, पाचशे. सर पटकन पुढे झाले. "बघा! सहवासाने यांनाही सिद्धी मिळाली!"

आणि काय सांगावं, लोकांना ते पटलं! एक बाई धावत आल्या. "काकू, माझ्या मोठ्याचंही बघा ना! आम्ही लांबून येऊ." काकूंच्या मनात पुसटसा मोह डोकावलाच. दिवसभर मशीनवर पाठ मोडण्यापेक्षा हे बरं की! पण समोर लेक बसली होती, आणि ती हसत नव्हती.

"सिद्धीबिद्धी काही नाही हो," काकूंनी पिशवी टेबलावर उपडी केली. चिठ्ठ्या पसरल्या. "या आमच्या दुकानातल्या. प्रत्येकाला वाटतं आपणच ढ. या, मोजा. सगळे एकसारखेच ढ आहात. मी धरून! सरांनी हजारो वह्या तपासल्यात, त्यांना हे चार आकडे पाठ आहेत. कसं वाटतं विचारलं की कोणता ते कळतं. पाकीट नुसतं शोभेला."

"अडाणी बाई! फिजिक्समधलं काय कळतं तुम्हाला?" सर ओरडले.

"थोडंच. हिला विचारा."

लेक फळ्याकडे गेली. तिने माणूस काढला, खाली एक बाण, वर एक बाण. "माणसावर बलं दोनच. वजन खाली, पाचशे. तळाचं ढकलणं वर. दोन्ही सारखी असती तर वेग वाढलाच नसता. वेग वरच्या दिशेने वाढतोय, म्हणजे वरचं बल जास्त. किती जास्त? पन्नास गुणिले दोन, शंभर. म्हणून सहाशे." ती सरांकडे वळली. "सर, तुम्हाला आमची चूक पहिल्या दिवसापासून माहीत होती. मग हे दोन बाण का नाही काढून दाखवलेत?"

सरांनी नादकाटा खिशात घातला.

मागच्या रांगेतली, गेल्या बैठकीत रडलेली मुलगी उभी राहिली. "लिफ्ट खाली निघाली तर?"

"चारशे... नाही, थांब," लेक म्हणाली. "आधी बाण काढू." मुलं खुर्च्या ओढत फळ्याजवळ सरकली.

लेक पास झाली. शंभरात एकोणसाठ. दोन गणितं चुकली, आणि ती कुठे चुकली हे तिने घरी येऊन स्वतःच सांगितलं. एकात किलोमीटरचे मीटर करायचे राहिले होते, दुसऱ्यात उणे चिन्ह.

तेव्हा, उद्या कुणी तुमच्या मनातलं अचूक ओळखून दाखवलं, तर दिपून जाण्याआधी त्याला एकच विचारा: हेच आणखी किती जणांच्या मनात आहे? आणि त्याला आपली चूक दिसत असेल, तर खुशाल म्हणा, मग दाखवा की. जो दाखवतो तो शिक्षक. जो नुसती ओळखतो आणि पुढच्या बैठकीला बोलावतो, त्याला नमस्कार करून सरळ घरी या, आणि वही उघडा.