अप्पांसमोर

मंद्रूपच्या रस्त्यावर रिक्षा उलटली आणि दोन म्हातारी माणसं ॲम्ब्युलन्समधून आमच्या दारात आली. शिवानंदअप्पा स्ट्रेचरवर, कपाळ फुटलेलं, सदरा रक्तानं भिजलेला आणि आवाज असा की अख्खं हॉस्पिटल गोळा व्हावं. "मेलो मी! डॉक्टर हाय का न्हाय हितं कुणी?" त्यांच्या धाकट्या भावाची बायको नागूबाई मात्र आपल्या पायांनी उतरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला.

कुणाला आधी आत न्यायचं हे दारातच ठरवणं माझं काम. रक्त वाहतंय, त्याच्या मनगटाला लाल पट्टी. चालता येतंय, त्याला हिरवी, म्हणजे थोडं थांबलं तरी चालेल. राजश्री सिस्टर तोंडानं फटकळ, पण पट्टीत चुकायची नाही, असं सगळे म्हणतात. मलाही ते खरं वाटायचं.

"आजी, कुठं लागलंय?"

"काय न्हाय बाई. कुशीला जरा दुकतंय. आदी अप्पास्नी बघा की."

नाडी पाहिली, अगदी संथ. गोळ्या कसल्या घेता विचारलं, तर म्हणाली, "बीपीची, येकच." मी हिरवी पट्टी बांधली.

"तिथं बाकावर बसा."

"ऱ्हाऊ द्या. उबीच बरी हाय."

मला रागच आला. म्हाताऱ्या माणसांना लाख सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. मी प्रतिक्षाला, माझ्या हाताखालच्या नर्सला, अप्पांना टाके घालायला आत न्यायला सांगितलं. अप्पांचा आरडाओरडा पडद्याआड गेला.

नागूबाईनं पडद्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "गेलं का त्ये आत? बसू का आता?"

आणि भिंतीवरून घसरत ती खाली आली. पदर मागं सरकला. चेहरा पिठासारखा पांढरा, ओठांना रंग नाही, कपाळ घामानं डबडबलेलं. थोरल्या दिरासमोर बसायचं नाही म्हणून ही बाई उभी होती, आणि उभी आहे म्हणून मी तिला हिरवी पट्टी बांधली होती! आणि ती संथ नाडी! आत रक्त वाहत असलं तरी बीपीच्या काही गोळ्या नाडीला धावूच देत नाहीत, हे नव्या पोरींना शिकवते कोण, तर मीच. पोटाला हात लावला, ते लाकडासारखं कडक लागलं.

"वरचं बीपी सत्तर!" मी किंचाळले. डॉक्टर धावत आले. पोटात रक्त साचत होतं, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं.

ऑपरेशन थिएटरची वाट अप्पांच्या कॉटवरूनच जाते. पडदा सरकवला आणि त्यांना बघताच नागूबाईनं स्ट्रेचरची दांडी धरली. उठायलाच लागली ती! एका हातानं पदर शोधत होती.

"आजी, पडून राहा, जीव जाईल!"

"अप्पांसमोर कसं झोपू बाई?"

अप्पांची ओरड एकदम थांबली. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, त्या पांढऱ्या ओठांकडं पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर घेतला.

"झोप पोरी. मी बगत न्हाय."

तेव्हा कुठं तिनं पाठ टेकली. दार बंद झालं. कापून काढलेली हिरवी पट्टी माझ्या मुठीतच होती. प्रतिक्षा सुई-दोरा घेऊन खोळंबली होती, अप्पा टॉवेल काढू देईनात.

बऱ्याच वेळानं टॉवेलाखालून आवाज आला, "सिस्टर, गेली का?"

माझ्या काळजात चर्र झालं.

"आत गेली, अप्पा. ऑपरेशनला. टॉवेल काढा आता, टाके घालायचेत."

"कपाळापुरता वर घ्या. डोळं झाकूनच ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "भाईर येईल तवा बी झोपूनच येईल की ती."